मोरीची भिंत

फरशी कोणती घालावी यावर ज्याला मत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. देव आहे की नाही, या प्रश्नावर लोक गप्प बसतील. फरशीवर बसणार नाहीत. आम्ही नंदुरबारला ब्लॉक घेतला त्या वर्षी मला हे कळलं. त्यापायी माझं जे डोकं उठलं ते घर लागेपर्यंत उठलेलंच राहिलं.

साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्टेशनाच्या पलीकडे, मिरची वाळवायच्या पथाऱ्यांच्या अलीकडे, नोकरदार मंडळींनी सोसायटी करून एक दुमजली इमारत उभी केली होती. तिच्यात वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. हिवाळ्यात वारा पथाऱ्यांवरून आला की अख्खी इमारत एकदम शिंकायची. सोसायटीने भिंती दिल्या, छत दिलं, खाली ओबडधोबड कोबा दिला आणि सांगितलं, फरशी आणि मोरीचं बाकीचं काम ज्याचं त्याने करून घ्यावं. संडास खाली मागच्या अंगाला, सगळ्यांचे एका ओळीत. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. बी.ए. झालेली. माझ्या माहेरी माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. तापीकाठी कापूस आणि केळी पिकवणारी माणसं. मी हे सांगते, कारण ते मला वारशात मिळालेलं नाही, मी मिळवलेलं आहे. नवरा कचेरीत कारकून. चारचौघांत मी त्यांना 'हे' म्हणायची, पण लिहिताना नवरा हाच शब्द सरळ. स्वभावाने गरीब, आणि समोरच्याचं लगेच पटणारा माणूस. समोर मी असले की माझं पटायचं. अडचण अशी, की दिवसभर समोर मी नसायची.

त्या घरात मला एकच गोष्ट हवी होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघाभर कठड्याची मोरी होती. तिथेच भांडी घासायची, तिथेच अंघोळ करायची, असा नकाशा काढणाऱ्याचा हिशेब. तो नकाशा पुरुषाने काढला होता हे सांगायला नको. मला त्या मोरीची भिंत छतापर्यंत हवी होती. तिला दार हवं होतं, दाराला आतून कडी हवी होती. आत हात पोचेल तिथवर पांढऱ्या चकचकीत टाइल्स आणि खाली पाय घसरणार नाही अशी खरबरीत शहाबादी. बाकी घरात कुणी काहीही घाला, सोनं घाला नाहीतर शेण सारवा.

आमच्या गावात बायकांची अंघोळ म्हणजे गोठ्यामागे, कुडाच्या आडोशाला, उजाडायच्या आत आणि अंगावरच्या लुगड्यासकट. भिजलेल्या लुगड्यावर कोरडं गुंडाळायचं आणि आतलं ओलं खाली सोडायचं, ही कसरत प्रत्येक मुलीला न शिकवता यायची. त्यात पाठ निघते की नाही हे कुणी विचारत नसे. पुढे कॉलेजसाठी धुळ्याला गेले. तिथल्या वसतिगृहात न्हाणीघराला दार होतं आणि आतून कडी होती. पहिल्या दिवशी मी कडी लावली, काढली, परत लावली. मग अंगावरचं सगळं उतरवून अंघोळ केली. आयुष्यात पहिल्यांदा. बी.ए.च्या पदवीइतकीच ती कडी माझ्या लक्षात राहिली आहे, आणि असं म्हणण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. लग्नानंतर पुन्हा भाड्याची खोली, अंगणात चार बिऱ्हाडांची सामाईक मोरी, पुन्हा लुगड्यासकट. म्हणून आपलं घर घेतलं तेव्हा मी ठरवलं होतं की दार घेतल्याशिवाय राहायचं नाही.

त्या काळी सिमेंट परमिटावर मिळायचं. किती दिवस अर्ज फिरला ते जाऊ द्या. शेवटी थोडक्या गोण्या मिळाल्या. त्यांत बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मोरीची भिंत, सगळं बसवायचं होतं. पुन्हा परमिट कधी, हे देवालाही माहीत नव्हतं.

मग आम्ही फरशी बघायला निघालो. स्टेशन रस्त्यावरच्या दुकानदाराने भिंतीला नमुने टेकवून ठेवले होते, आणि प्रत्येक नमुन्यावर तो तांब्याने पाणी ओतायचा.

"बघा साहेब, कसा खुलला रंग!"

मी म्हटलं, "आम्ही घरात पाणी भरून राहणार नाही. कोरडी दाखवा."

"बाई, कोरडं तर माणसाचं तोंडबी चांगलं दिसत नाही."

माझा नवरा हसला. मी हसले नाही. मला साधी करडी फरशी चालली असती. त्यांचं मन मात्र तांबड्या फुलाच्या, काळ्या किनारीच्या फरशीवर बसलं. तशी मामलेदारांच्या बंगल्यात होती. धानोऱ्याला, आपल्या गावच्या घरात, सारवलेल्या जमिनीवर पाट मांडून जेवलेला हा माणूस. एकदा तरी मामलेदार आपल्या बाहेरच्या खोलीत बसावेत आणि त्यांनी खाली बघावं, एवढीच त्यांची हौस. मी म्हटलं, घ्या तुमची फुलं. मला माझी भिंत द्या.

मिस्त्री खापरचा. खापर म्हणजे गुजरातची शीव. त्याच्या बोलण्यात अर्धी अहिराणी, अर्धी गुजराती आणि हातात मात्र सफाई. त्याने जन्मभर जमिनीवरच फरशा घातलेल्या, माळ्यावरचं काम त्याला नवीन. त्याचा एक रोग होता. मी बोलायची आणि तो उत्तर नवऱ्याला द्यायचा.

"मिस्त्री, ही भिंत छतापर्यंत जाईल."

"साहेब, मोरीले दार? आंधारं व्हई जाई."

"वर झरोका ठेवा."

"साहेब, झरोकामाईन पाल यी."

"पाल येऊ दे!"

"साहेब, बाई चिडी ऱ्हायनात."

शेवटी मी शाळेतला खडू आणला आणि कोपऱ्यातल्या भिंतीवर, मोरीची भिंत जिथून जायची तिथे, खालपासून छतापर्यंत सरळ रेघ ओढली. वर हात पोचेना म्हणून डब्यावर उभी राहिले. मिस्त्रीने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "खडूनी भीत वर जावाले टाइम लागत नही, बाई." एवढं एक वाक्य तेवढं तो थेट माझ्याशी बोलला, तेही टोमणा मारायला.

शेजारच्या बायकाही कमी नव्हत्या. एक म्हणे, कोंडून घेऊन अंघोळ करायची म्हणजे वाफेने चक्कर येते. दुसरी म्हणे, "इतलं काय लपाडानं शे, माय?" मी म्हटलं, "जे तुम्ही लुगड्याखाली लपवता तेच." ती त्यानंतर बरेच दिवस बोलली नाही. बरं झालं.

तरी काम सुरू झालं. मोरीच्या विटा आल्या, दोन थर लागलेसुद्धा. आणि तेवढ्यात धानोऱ्याहून बैलगाडी आली. गाडीत माझी सासू आणि सासूच्या शेजारी, तिच्यासारखंच ऐसपैस बसलेलं, दगडाचं नवं उखळ.

सासूला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्न गावालाच होतं. पण घरातल्या लेकीची पहिली हळद थोरल्या भावाच्या घरच्या उखळात कांडायची, अशी त्यांच्या घराण्याची रीत. थोरला भाऊ म्हणजे माझा नवरा. तो आता नंदुरबारला घरवाला झाला, म्हणजे त्याच्या घरात उखळ पाहिजे. तेही जमिनीत गाडलेलं. सुटं उखळ म्हणजे पाहुणं, त्यातली हळद पोरीला लागत नाही. म्हणून जिजीने पाथरवटाकडून मुद्दाम नवं घडवून आणलं होतं. गाडीवानाने आणि आणखी एका गड्याने ते जिन्यावरून वर चढवलं तेव्हा प्रत्येक पायरीला त्यांनी माझ्या नवऱ्याच्या शिक्षणाचा उद्धार केला. शिकलेला माणूस माळ्यावर घर का घेतो, हे त्यांना कळेना.

घाम पुसायच्या आधी जिजीने विचारलं, "उखळ कोठे गाडानं?"

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. पण नवऱ्याच्या तोंडी कचेरीची मराठी बसलेली, आणि मला राग आला की माझ्या तोंडून शाळेची मराठी निघते, आणि त्या दिवसांत मी सारखी रागातच होते. मी म्हटलं, "जिजी, हा माळा आहे. इथे गाडायला जमीन नाही."

जिजीने पाय आपटला. "मंग हाई काय शे? मी हवामा उभी शे का?"

"ही आपली जमीन, पण खाली तात्या राहतात ना, त्यांचं ते छत आहे."

जिजीने क्षणभर विचार केला. "तेस्नं तेस्ले, आपलं आपले," ती म्हणाली आणि चहा मागितला.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "बघू." हा शब्द कायद्याने बंद केला पाहिजे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, उखळ खाली अंगणात गाडा, जिजीला तुम्ही समजावा. ते म्हणाले, "हो, हो." मी निर्धास्त शाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटून आले तर इमारतीच्या बाहेरूनच तात्यांचा आवाज ऐकू आला. तात्या म्हणजे आमच्या खालच्या ब्लॉकमधले म्हातारे, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. दिवसातून एकदा स्वतः रांधून जेवायचे. त्यांच्या हातात पातेलं होतं. पातेल्यात तुरीची डाळ आणि डाळीत त्यांच्या स्वयंपाकघराचं छत.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या सासूबाई खाली यायला निघाल्यात का? त्यांना सांगा, मला दार आहे. दारातून या म्हणावं!"

मी धावत वर गेले. मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन उकिडवा बसलेला. कोब्याला परातीएवढा खड्डा, खड्ड्यात लोखंडाच्या सळ्या दिसताहेत. जिजी हळदकुंकू आणि नारळ मांडून शेजारी बसलेली. जेवायला घरी आलेला नवरा खड्ड्यावर वाकून बघत होता, कारण खड्ड्याला तळाशी रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि भोकातून खालचा उजेड येत होता. तेवढ्यात भोकाखाली तात्यांचा चेहरा आला.

"नमस्कार, तात्या," माझा नवरा म्हणाला.

मी मिस्त्रीला म्हटलं, "अरे, तुला डोळे आहेत की नाही? माळा फोडतोस?"

"माय म्हने गाड, मी गाडी ऱ्हायनू."

"आणि मी महिनाभर भिंत, भिंत म्हणतेय ते?"

मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला आणि नीट समजावून सांगितलं, "तुम्ही शिकेल माणसं, बाई. आज एक बोलतस, उद्या दुसरं. मायनं बोलनं एकच ऱ्हास."

मी उद्या दुसरं कधी बोलले होते? महिनाभर तेच तेच बोलून माझी जीभ झिजली होती. पण हे सांगायला तोंड उघडलं तर कोब्याच्या धुळीने मला ठसकाच लागला. जिजी म्हणाली, "पोरी, पानी पी."

पुढचं सगळं त्या भोकाने ठरवलं. सोसायटीची माणसं येऊन बघून गेली. खड्डा वरून भरायचा, खालून भरायचा; आणि तात्यांच्या स्वयंपाकघराचं छत नुसतं ठिगळ लावून चालणार नाही, अख्खं गिलावून द्यायचं. तात्या त्यावर ठाम होते. त्यांच्या जागी मीही असते. सिमेंट अर्थातच आमच्या परमिटातलं. उखळ खाली अंगणात, जिन्याच्या कडेला गाडलं गेलं. जिजीने जिन्याच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून ठरवलं, की इथून वर सगळं आपलंच, म्हणजे ही जमीनही आपलीच. हे तिने आल्या दिवशी ठरवलं असतं तर माझी भिंत वाचली असती.

कारण आता राहिलेल्या सिमेंटात एकतर बाहेरच्या खोलीची फुलं बसत होती, नाहीतर मोरीची भिंत. भिंत कमरेपर्यंत आली होती आणि तिथेच थांबली. मी मिस्त्रीला म्हटलं, चुन्यात बांध. तो नवऱ्याला म्हणाला, "साहेब, पानीजोगे चुना टिकत नही."

नवरा मला म्हणाला, "तूर्त गोणपाटाचा पडदा लावू."

"आपल्याकडे तूर्त लावलेलं गोणपाट नातवंडं बघतात," मी म्हटलं. "फरशी थांबू द्या. भिंत आधी."

आणि जो माणूस आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता, तो मला नाही म्हणाला. "फरशी आणून टाकली आहे. कचेरीत सगळ्यांना सांगून बसलोय. बाहेरची खोली लोक बघतात. मोरी कोण बघतं?"

"मोरीत मला सगळे बघतात, हेच तर सांगतेय!"

त्यांनी चपला घातल्या आणि ते कचेरीत निघून गेले. रविवार होता.

गोणपाट लागलं. दोरी बांधून लोंबतं, ओलं झालं की वास मारणारं. मी पहाटे उठून, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्याने, पुन्हा लुगड्यासकट अंघोळ उरकायला लागले. डोळ्यांत पाणी यायचं, ते चुलीच्या धुराने आलं असं मी म्हणत नाही. रागाने यायचं.

जिजी लग्नाच्या हळदीपर्यंत आमच्याकडेच राहणार होती. तिचा एक नेम होता. शिळ्या पाण्याने ती अंघोळ करत नसे, आणि अंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावत नसे, आणि देवाला हात लावल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. गावाला विहीर होती, पहाटे ताजं पाणी शेंदलं की झालं. इथे नळ. आणि नगरपालिकेचा नळ यायचा तेव्हा उन्हं चांगली वर आलेली असायची आणि मिस्त्री आपल्या गड्याला घेऊन कामावर हजर असायचा.

मिस्त्री खाली तात्यांच्या छताला लागला होता तोवर तिचं निभलं. वरचं काम पुन्हा सुरू झालं त्या पहिल्या दिवशी जिजी गोणपाटाआड गेली. मी शाळेची वेणी घालत होते. मिस्त्रीला माल भिजवायला पाणी हवं होतं. तो नेहमीसारखा घमेलं घेऊन स्वयंपाकघरात आला आणि गोणपाट बाजूला सारलं.

जिजीचा आवाज तात्यांनी खाली ऐकला, पथाऱ्यांवरच्या बायकांनी ऐकला. "मुडद्या! डोया फुटनात का तुन्हा?"

घमेलं खाली पडल्याचा आवाज. मग बाहेरच्या खोलीतून मिस्त्री ओरडला, "माय, मी काही देखं नही! तुन्ही आन!"

जिजी बाहेर आली ती ओल्या लुगड्यावर गोधडी गुंडाळून. अंघोळ अर्धीच झाली होती. ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी नळ आला, मी पाणी भरलं, आणि जिजी खाटेवर बसून राहिली. बाहेर मिस्त्री फुलं जुळवत होता, त्याचा गडी विडी ओढत दारात बसला होता. जिजी नुसती मोरीकडे बघायची आणि मान वळवायची. मी शाळेतून आले तरी ती तशीच, उपाशी. चहासुद्धा नाही. मी म्हटलं, आतातरी करा अंघोळ, ते दोघे खाली गेलेत. ती म्हणाली, "यी जातीन." तिन्हीसांजेला गडी-मिस्त्री घरी गेले तेव्हा अंगावर पाणी घ्यायची वेळ टळून गेली होती. तिने दूध घेतलं, तेही मी समोर बसले म्हणून.

मला तिची दया आली हे खरं. पण त्याहून जास्त मला संताप आला. ही बाई जन्मभर गोठ्यामागे पहाटेच्या थंडीत अंघोळ करत आली. तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि तिनेही कधी मागितलं नाही. आणि आता माझ्या घरात, मी मागत होते तीच गोष्ट नसल्यामुळे, ती उपाशी बसली होती आणि तरी तोंडाने भिंत म्हणत नव्हती. मीही म्हटलं नाही. माझं म्हणून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी चपला घालत होते. मिस्त्री पायऱ्या चढून आला. जिजी खाटेवरून उठली.

"मिस्तरी, आठे ये."

तो लांबच उभा राहिला. दोन दिवस तो तिच्यासमोर मान खाली घालून वावरत होता.

"हाई भीत वर ने."

"किती, माय?"

"छतपावत."

"पन माय, सिमेट तर साहेबस्नी खोलीनं शे. साहेब..."

"साहेबले जलम मी दिधा शे."

"हा, माय," मिस्त्री म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत कालवलेला माल घमेल्यात भरून आत घेऊन आला.

एवढंच. ना झरोक्याची पाल, ना अंधार, ना साहेब काय म्हणतील. माझा एक महिना, माझा खडू, माझं बी.ए., आणि तिची चार वाक्यं. मी शाळेत गेले ती रस्ताभर स्वतःशी बडबडत. तास घेताना मुली मला बघून चिडीचूप होत्या. संध्याकाळी आले तेव्हा भिंत माझ्या खांद्याच्या वर गेली होती.

नवरा कचेरीतून आला. बाहेरच्या खोलीत अर्ध्या भागात तांबडी फुलं आणि उरलेल्या अर्ध्यात ओबडधोबड कोबा. ते दारातच उभे राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण मी ते दाखवलं नाही.

"जिजी, हे काय?"

"भीत."

"आणि कुणी आलं तर?"

"उना ते त्याले त्या अर्धामा बसाड."

पुढे वर्षभर ती खोली तशीच राहिली. पाहुणा आला की नवरा लगबगीने सतरंजी अंथरायचा, ती कोब्यावर, आणि फुलं उघडी ठेवायचा. मामलेदार एकदा आले. ते सतरंजीवर बसले.

त्या रात्री भाकरी थापताना मी जिजीला म्हटलं, "मी महिनाभर हेच म्हणत होते."

"तू दार म्हने," जिजी म्हणाली. "मी भीत म्हनस."

"दाराला भिंत लागतेच ना!"

"मंग भीत म्हनाले पायजे व्हतं." आणि थोड्या वेळाने, काटवटीतलं पीठ मळत, माझ्याकडे न बघता, "इतला वरीस आम्हीन कसं करं, कोन जाने."

भाकरी करपली ती मी माझ्या ताटात घेतली.

पांढऱ्या टाइल्स राहिल्याच. आतून सिमेंट घोटून गुळगुळीत केलं, खाली शहाबादी बसली, खरबरीत, मला हवी तशी. सुताराने दार आणलं, बिजागरीवर बसवलं आणि निघाला. मी बघितलं तर कडी फक्त बाहेरून.

"आतली कडी?"

"आतून कसाले?" तो म्हणाला. "चोर बाहेरून येतो."

"मी आत असणार आहे. चोर नाही."

तो नवऱ्याकडे बघायला वळला. नवरा घरात नव्हता. मी दारात उभी राहिले. म्हटलं, कडी लावल्याशिवाय तू या घरातून जात नाहीस. त्याने कडी लावली, आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मी शाळेत उशिरा पोचले. मुख्याध्यापिकेने कारण विचारलं, मी खरं कारण सांगितलं. तिने हजेरीवर शेरा मारला नाही.

दार वापरायला पहिला मान जिजीचाच. सुट्टीचा दिवस होता. नळ आला, मी पाणी तापवून दिलं, ती आत गेली आणि कडीचा आवाज आला. मग किती तरी वेळ आतून नुसता पाण्याचा आवाज. मी हातावर कपडे घेऊन बाहेर उभी. माझ्यामागे नवरा, खांद्यावर पंचा. नळ जायची वेळ झाली. मी दार वाजवलं.

"जिजी!"

"थांब वं माय. पाठ धोई ऱ्हायनू."

तिला आत बरं वाटत होतं, त्याला काय म्हणणार? मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मनातल्या मनात नगरपालिकेला शिव्या दिल्या. शेवटी ती बाहेर आली, कोरडं लुगडं नीट नेसलेली, केस मोकळे, तोंड तांबूस झालेलं.

"जाय," ती म्हणाली. "कडी बराबर लागस. मी देखी लिधं."

मी आत गेले. कडी लावली. खरंच बरोबर लागत होती. लुगडं सोडून खुंटीला टाकलं, पाटावर बसले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. बाहेर पायांचा आवाज आला. सुट्टीच्या दिवशीही मिस्त्री आला होता, फुलांच्या फरशीची उरलेली एक कड भरायला, आणि त्याला पाणी हवं होतं. तो दारापाशी थांबला. घसा साफ केला.

"बाई," तो म्हणाला, "पानी पायजे व्हतं."

"थांबा," मी म्हटलं, आणि पाठ घासायला घेतली.